अंडी आणि मांसासाठी घरी लावे पाळावेत का?

तळ्याकाठी (धागाकर्ता)

घरी कोंबड्या पाळाव्यात असा विचार आमच्याकडे बराच काळ चालू आहे, परंतु जागेचा हिशेब मांडला की तो मागे पडतो. घरामागे भिंतीला लागून छपराखालची एक अरुंद पट्टी तेवढी मोकळी आहे, आणि शेजार अगदी जवळ असल्यामुळे पहाटेच्या आरवण्याला कोणी राजी होईल असे वाटत नाही. अशातच जपानी लाव्यांविषयी (इंग्रजीत क्वेल) वाचनात आले. मादी सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येते, वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते, पक्षी ओंजळीत मावतो आणि मांसही चांगले असते, असे सर्वत्र लिहिलेले आढळते.

आम्ही घरात चार जण आहोत. अंडी रोज लागतात, मांस अधूनमधून. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. एवढ्याशा पक्ष्यावर चार माणसांची अंड्यांची गरज खरोखर भागते का, आणि अंडी व मांस हे दोन्ही हेतू एकाच लहान कळपातून साधतात का? यशोगाथा मी भरपूर वाचल्या आहेत. त्यामुळे ज्यांनी लावे पाळून नंतर बंद केले, त्यांचे प्रतिसाद मला अधिक उपयोगी पडतील.

दाणापाणी

मी बंद केलेले नाही, तरी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते निव्वळ आकडेमोडीचे आहे. लाव्याचे अंडे १० ते १२ ग्रॅमचे असते, म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याच्या जागी साधारण पाच अंडी धरावी लागतात. चौघांना रोज प्रत्येकी एका कोंबडीच्या अंड्याइतके हवे असेल, तर वीस अंडी झाली. माद्या ऐन भरात असताना शंभर माद्यांमागे रोज ऐंशीच्या आसपास अंडी मिळतात असे धरले, तर आपल्याला पंचवीस माद्या लागतील. एक पक्षी दिवसाला २० ते २५ ग्रॅम खातो आणि काही दाणे उडवून वाया घालवतो, हे लक्षात घेता महिन्याला १८-१९ किलो खाद्य आणून ठेवावे लागेल. एवढे गणित मांडल्यावर ‘एवढासा पक्षी’ म्हणण्याची हिंमत होत नाही.

खाद्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. लाव्यांना कोंबडीपेक्षा अधिक प्रथिने लागतात. पिल्लांच्या खाद्यात ती २४ ते २७ टक्के असावीत आणि अंड्यावर आलेल्या माद्यांच्या खाद्यात २० टक्क्यांच्या आसपास असावीत. शिवाय माद्यांना कवचासाठी अडीच ते तीन टक्के कॅल्शियम हवे. कोंबडीच्या पिल्लांचे साधे खाद्य तेवढेच घातले तर वाढ मंदावते आणि पक्षी एकमेकांची पिसे उपटू लागतात. दाणाही त्यांच्या चोचीच्या मानाने मोठा असतो, म्हणून तो सुरुवातीचे काही आठवडे भरडून द्यावा.

आणखी एक. बहुतेक माद्या दुपार उलटल्यावर, तिसऱ्या प्रहरापासून सायंकाळपर्यंत अंडी घालतात. सकाळी पिंजरा रिकामा दिसला म्हणून निराश होऊ नये. अंडी संध्याकाळी गोळा करावीत.

मूकवाचक

वीस अंडी रोज सोलण्याचे काम घरातील कोणत्या सदस्याकडे जाणार, हे पक्षी आणण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे.

मोजमाप

दाणापाणी यांचे गणित बरोबर आहे, परंतु त्यातून निघणारा पुढचा निष्कर्ष त्यांनी सांगितला नाही. लाव्यांकडून १०० ग्रॅम अंडी मिळवायला साधारण २३० ते २८० ग्रॅम खाद्य खर्च होते. अंड्यासाठीच पैदास केलेली चांगली कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाऊन ५५ ते ६० ग्रॅमचे अंडे देते, म्हणजे तिला १०० ग्रॅममागे २०० ग्रॅमच्या आगेमागे लागते. शिवाय लाव्यांचे जास्त प्रथिनांचे खाद्य किलोमागे महागच पडते. तेव्हा लावे पाळल्याने अंडी स्वस्त पडतात हा समज सोडून द्यावा. लाभ आहे तो जागेचा आणि वेळेचा.

जागेबाबत सांगायचे तर व्यावसायिक पिंजऱ्यात एका पक्ष्याला २०० ते २५० चौरस सेंटिमीटर देतात. त्या हिशेबाने पंचवीस माद्या अर्ध्या-पाऊण चौरस मीटरमध्ये बसतील. घरी ही कंजुषी करण्याचे काही कारण मला दिसत नाही. याच्या दुप्पट जागा दिली तर मारामाऱ्या कमी होतात आणि दुर्गंधीही आटोक्यात राहते. धागाकर्त्यांच्या पट्टीत हे सहज जमावे.

खुडूक

माझे सदस्यनाम ज्या अवस्थेवरून घेतले आहे, ती अंडी उबवायला बसण्याची अवस्था या पक्ष्याला जवळजवळ विसरायला लावलेली आहे. पिढ्यान्‌पिढ्या अंड्यांसाठीच निवड होत गेल्यामुळे पाळीव जपानी लावी सहसा अंड्यावर बसत नाही. चालता चालता कोठेही अंडे टाकते आणि मागे वळून पाहत नाही. त्यामुळे ‘नर-मादी आणू, पुढे आपोआप वाढतील’ असे कोणी समजत असेल, तर ते होणार नाही. उबवणी यंत्र लागतेच.

आत पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस ठेवावे. आर्द्रता आरंभी ४५ ते ५० टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के असावी. अंडी दिवसातून अनेकदा फिरवावीत, चौदाव्या-पंधराव्या दिवशी फिरवणे थांबवावे आणि त्यानंतर झाकण उघडण्याचा मोह आवरावा, कारण आतली वाफ निघून गेली की पातळ त्वचा सुकते आणि अर्धवट फोडलेल्या कवचात पिल्लू अडकते. सतराव्या-अठराव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. उबवायची अंडी आठवड्याहून अधिक साठवू नयेत आणि धुऊ तर मुळीच नयेत.

निघालेले पिल्लू ६ ते ८ ग्रॅमचे असते. पहिल्या आठवड्यात त्याला ३५ ते ३७ अंशांची ऊब लागते. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी ती कमी करत न्यावी. आकड्यापेक्षा पिल्लांकडे पाहावे : दिव्याखाली एकमेकांवर चढून दाटी केली तर थंडी वाजते आहे, कडेला पसरून चोच उघडी ठेवली तर उकडते आहे. पाण्याच्या भांड्यात गोट्या किंवा खडे घालणे अनिवार्य आहे, कारण ही पिल्ले बोटाच्या पेरभर पाण्यातही बुडून मरतात. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरले तर पाय घसरून फाकतात आणि नंतर ते सरळ करणे कठीण जाते. म्हणून पहिले काही दिवस खरबरीत कापड अंथरावे.

शंकासुर

दोन शंका आहेत. लाव्याच्या अंड्यात कोलेस्टेरॉल नसते आणि ज्यांना कोंबडीच्या अंड्याची ॲलर्जी आहे त्यांनाही ती चालतात, असे मला एकाहून अधिक जणांनी ठामपणे सांगितले आहे. शिवाय ती कच्ची खाणेच औषधी असते म्हणतात. हे खरे असेल तर खाद्याचा जास्तीचा खर्चही परवडेल.

पक्षीवैद्य

तिन्ही दावे चुकीचे आहेत आणि त्यांपैकी दुसरा धोकादायक आहे. लाव्याच्या अंड्यात पांढऱ्याच्या मानाने बलक जास्त असतो, त्यामुळे वजनास वजन पाहिले तर कोलेस्टेरॉल कोंबडीच्या अंड्याहून कमी नसून अधिकच भरते. ॲलर्जी निर्माण करणारी प्रथिने दोन्ही अंड्यांत इतकी सारखी असतात की कोंबडीच्या अंड्याने त्रास होणाऱ्या अनेकांना याही अंड्याने होतो. घरात असे कोणी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय प्रयोग करू नये. साल्मोनेला हा जिवाणू लाव्यांतही आढळतो, त्यामुळे कच्चे अंडे खाण्यात औषध काही नाही, जोखीम मात्र आहे. अंडे म्हणून ते उत्तम आहे, एवढे पुरेसे नाही का?

रोगांविषयी थोडक्यात. लावे काटक असतात खरे, पण आतड्यात व्रण पाडणारा एक जिवाणूजन्य आजार त्यांना विशेष छळतो आणि तो विष्ठेतून पसरतो. रक्ती हगवणीचेही तेच. म्हणून विष्ठा खाली पडून जाईल अशी जाळीची जमीन किंवा नियमितपणे बदललेला कोरडा भुसा, यांपैकी एक तरी हवे. कोंबड्या आणि लावे एकत्र ठेवू नयेत, कारण निरोगी दिसणारी कोंबडीही रोगाची वाहक असू शकते. नवीन पक्षी दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावेत. आणि एकाएकी बरेच पक्षी दगावले तर ते कापून खाण्याचा किंवा गुपचूप पुरण्याचा विचार न करता शासकीय पशुवैद्यकाला कळवावे. बर्ड फ्लूच्या शंकेत घरगुती कळप सुटत नाही.

रानपाखरू

जाळीच्या जमिनीबाबत माझे मत वेगळे आहे. पक्षीवैद्य म्हणतात त्याप्रमाणे रोग कमी होत असतील, परंतु हा मूळचा जमिनीवर उकरणारा, धुळीत लोळणारा पक्षी आहे. त्याच्यासमोर कोरड्या मातीची किंवा वाळूची परात ठेवून पाहावी; पूर्ण कळप त्यात घुसून एकमेकांवर धूळ उडवू लागतो. सतत तारेवर उभे राहणाऱ्या जड माद्यांचे तळवे सोलवटतात आणि सुजतात. निदान पिंजऱ्याचा अर्धा भाग सपाट ठेवावा, एवढी तडजोड कोणालाही परवडेल.

उंचीकडेही बहुतेकांचे दुर्लक्ष होते. दचकलेला लावा सरळ वर उसळतो. पिंजरा दोन-अडीच फूट उंच असला तर त्याला वेग घेण्यापुरते अंतर मिळते, तो छताला आपटतो आणि डोके फोडून घेतो. म्हणून पिंजरा एक तर फूटभराहून उंच नसावा, नाहीतर माणूस आत उभा राहील इतका उंच असावा. मधल्या उंचीच्या पिंजऱ्याला आत मऊ कापड ताणून लावावे.

आणि रानातले लावे पकडून आणण्याचा विचार कोणाच्याही मनात असेल तर तो काढून टाकावा. अनेक देशांत त्याला कायद्याने बंदी आहे, आणि ते पक्षी पिंजऱ्यात रमतही नाहीत. त्याचप्रमाणे कंटाळा आला म्हणून पाळीव लावे रानात सोडणेही चुकीचे आहे. युरोपात शिकारीसाठी सोडलेल्या जपानी लाव्यांचा तेथील जंगली लाव्यांशी संकर झाल्याचे आढळले आहे.

मूकवाचक

दचकून उसळणाऱ्या या पक्ष्याची खरी झेप कोणाला ठाऊक आहे का? १९९० मध्ये मीर या अंतराळस्थानकावर जपानी लाव्याची अंडी उबवून पिल्ले काढण्यात आली होती. तिथे पिंजऱ्याला छत कोणत्या बाजूला होते, हे मात्र रानपाखरू यांनी सांगावे.

रानपाखरू

ती पिल्ले काही धरून उभी राहू शकत नव्हती, त्यामुळे त्यांना छताची नव्हे तर जमिनीचीच अडचण होती. प्रयोगासाठी हा पक्षी निवडण्यामागचे कारण मात्र या धाग्याला लागू आहे : लहान देह, अल्प उबवण काळ आणि झटपट वयात येणे. जपानमध्ये तो शतकानुशतके आवाजासाठी पाळला जात होता. अंड्यांसाठी पद्धतशीर पैदास विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धात त्यातील बहुतेक वाण नष्ट झाले. आजचे पाळीव लावे बरेचसे त्यानंतर उभ्या केलेल्या कळपांचे वंशज आहेत.

हिरवा कोपरा

धागाकर्त्यांनी बंद करणाऱ्यांना बोलावले आहे, म्हणून लिहिते. आम्ही काही वर्षे लावे पाळले आणि मग थांबवले. अंड्यांबद्दल तक्रार काहीच नव्हती. प्रश्न होता तो मांसाचा, आणि तो वरच्या एकाही प्रतिसादात आलेला नाही.

धागाकर्त्यांचा दुसरा प्रश्न मी असा मांडते. अंड्याच्या वाणाचा नर जिवंतपणी दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर भरतो. साफ केल्यावर शंभर ग्रॅमच्या आसपास उरतात आणि त्यात हाडेही आली. माणशी दोन पक्षी धरले तर चौघांच्या एका जेवणाला आठ पक्षी लागतात. महिन्यातून एकदाच हे जेवण करायचे ठरवले तरी महिन्याला आठ नर हवेत, म्हणजे सोळा पिल्ले जगायला हवीत, म्हणजे सगळे सुरळीत झाले तर निदान चोवीस अंडी यंत्रात घालायला हवीत. याचा अर्थ यंत्र, ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी पेटी), वाढत्या पिल्लांचा पिंजरा आणि मोठ्यांचा पिंजरा हे चारही कायम चालू. शिवाय त्याच सोळांतील आठ माद्यांचे काय करायचे? दर महिन्याला आठ माद्या वाढत गेल्या तर कोणताही पिंजरा पुरणार नाही. त्यांतील बहुतेक कापाव्याच लागतात. मांसासाठी पैदास केलेले जड वाण अडीचशे-तीनशे ग्रॅमपर्यंत जातात, त्यामुळे हिशेब थोडा सुसह्य होतो, पण ते खातातही त्या मानाने.

कापण्याविषयीही स्पष्ट लिहायला हवे. पाच-सहा आठवड्यांचा पक्षी कोवळा असतो. आदल्या काही तासांत खाद्य बंद करून पाणी चालू ठेवतात, पक्षी शांतपणे घट्ट धरून धारदार कात्रीने मान एका झटक्यात वेगळी करतात आणि पिसे उपटत न बसता कातडीसकट ओढून काढतात. सरावलेल्या हाताला एका पक्ष्यामागे काही मिनिटे पुरतात. तांत्रिकदृष्ट्या कोंबडीपेक्षा हे सोपेच आहे. पण कोंबडी एक कापली की जेवण होते. इथे तीच कृती आठ वेळा करायची असते. आमच्या घरात ती करण्याची तयारी एकाच माणसाची होती आणि त्याला ती नकोशी झाली. ज्यांना हे जमते त्यांच्याविषयी मला आदर आहे. मांस खाणाऱ्याने ते स्वतः कापावे यात गैर काही नाही. मात्र पक्षी आणण्याआधी हे काम कोण करणार हे ठरलेले असावे, आणि मूकवाचकांची अंडी सोलण्याविषयीची सूचना मी याच अर्थाने गंभीरपणे घेते.

मोजमाप

हिरवा कोपरा यांच्या हिशेबात एक भर. नरांची विल्हेवाट लांबवता येत नाही. तीन-चार आठवड्यांत छातीच्या पिसांवरून नर-मादी ओळखता येतात : नराची छाती एकसारखी तांबूस, मादीची फिकट आणि गडद ठिपक्यांची. (पांढऱ्या आणि इतर काही रंगांच्या वाणांत ही खूण चालत नाही.) वयात आल्यावर जास्तीचे नर एकमेकांचे डोळे फोडेपर्यंत भांडतात आणि माद्यांच्या मानेवरची पिसे उपटून त्यांना उघड्या करतात. उबवणीसाठी तीन ते पाच माद्यांमागे एक नर ठेवावा. त्याहून अधिक नर हे सगळ्यांनाच जाच ठरतात.

दाणापाणी

आणि नर बाहेरून आणत राहावे लागतात, हेही सांगायला हवे. सख्ख्या भावंडांतच पिढ्या काढत गेल्यास लाव्यांमध्ये उबवणीचे आणि जगण्याचे प्रमाण फार लवकर खालावते. कोंबड्यांमध्ये हा दोष उशिरा जाणवतो, इथे तो दोन-तीन पिढ्यांतच दिसू लागतो.

शंकासुर

म्हणजे एकंदरीत उत्तर ‘पाळू नये’ असे समजायचे का?

हिरवा कोपरा

मुळीच नाही. अंड्यांसाठी नर लागतच नाही, हे मी लिहायचे राहिले. पंचवीस तयार माद्या आणल्या, नर एकही ठेवला नाही, तर यंत्र नको, ब्रूडर नको, कापणे नको. शेजाऱ्यांचीही अडचण येत नाही, कारण जोरात ओरडतो तो नर. माद्यांचा आवाज हळू आणि किरकिरीसारखा असतो. आमच्याकडे तेवढेच ठेवले असते तर ते आजही चालू असते.

शंकासुर

आणि वर्षभराने? अंडी कमी झाल्यावर त्या पंचवीस माद्यांचे काय?

पक्षीवैद्य

शंकासुरांचा प्रश्न नेमका आहे. अंड्यांचा भर पहिल्या वर्षात असतो, पुढे संख्या उतरत जाते. पक्षी मात्र नीट राखल्यास दोन-तीन वर्षे जगू शकतो. त्या वेळी तीनच मार्ग उरतात : कापणे, कमी अंड्यांवर समाधान मानून म्हातारपणापर्यंत पोसणे किंवा घेणारा शोधणे. जुन्या मादीचे मांस चिवट असते, ते सावकाश शिजवावे लागते. त्यामुळे अंडी आणि मांस हे दोन हेतू एकमेकांपासून पूर्णपणे सुटे करता येत नाहीत. नर नसलेल्या कळपात हा निर्णय महिन्याऐवजी वर्षाने येतो, एवढाच फरक. सगळ्या माद्या एकदम न आणता निम्म्या आता आणि निम्म्या सहा महिन्यांनी आणल्या, तर अंडीही अचानक आटत नाहीत.

खुडूक

दिवस लहान झाल्यावर अंडी बंद पडली तर ते म्हातारपण समजू नये. त्यांना रोज १४ ते १६ तास उजेड लागतो. संध्याकाळी मंद दिवा लावून तेवढी भर घातली की माद्या पुन्हा सुरू होतात. काही जण त्या काळात दिवा न लावता त्यांना विश्रांती देतात. तेही योग्यच आहे.

तळ्याकाठी (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरात हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. महिन्याला आठ पक्षी कापण्याची तयारी आमच्यात कोणाचीही नाही हे दोन मिनिटांत स्पष्ट झाले, आणि वर्षाने एकदा ते करण्याची माझी आहे. त्यामुळे मांसाचा हेतू सध्या बाजूला ठेवून फक्त माद्या आणायच्या ठरल्या आहेत : आरंभी बारा, सहा महिन्यांनी आणखी बारा. रोज प्रत्येकाला पूर्ण अंडे मिळणार नाही, परंतु ते आम्हाला चालेल. पिंजरा फूटभर उंच, अर्धी जमीन सपाट, एक धुळीची परात.

दोन शंका उरल्या आहेत. जाळी किती बारीक घ्यावी? आणि दोन दिवस घराबाहेर जायचे झाल्यास काय करावे?

दाणापाणी

जाळी अर्ध्या इंचाची, वेल्डिंग केलेल्या जाड तारेची घ्यावी. षट्कोनी पातळ जाळी उंदीर-घुशींना अडवत नाही. खालची जाळी जमिनीपासून हातभर उंच असावी, नाहीतर रात्री खालून पाय कुरतडले जातात. दोन दिवसांसाठी खाद्याचे मोठे भांडे आणि निपलचे (चोचीने दाबल्यावर थेंब सोडणाऱ्या तोटीचे) पाणी पुरते, परंतु निपलवर पक्षी सरावलेले असायला हवेत, म्हणून आधी आठवडाभर घरी असतानाच सवय लावावी आणि जाताना पाण्याचा एक दुसरा मार्गही ठेवावा. उन्हाळ्यात मात्र असे सोडून जाऊ नये. तिशीच्या वर पारा गेला की माद्या धापा टाकू लागतात, आणि पाणी काही तास जरी बंद पडले तरी नुकसान होते. त्या दिवसांत शेजाऱ्यांना किल्ली द्यावी.

मूकवाचक

आणि किल्लीसोबत त्या दोन दिवसांची अंडीही. सोलण्याचे काम आपोआप त्यांच्याकडे जाईल.